मिशनची नोकरी आणि मंडळीची सेवा

तेलगाव हे धारूर तालुक्यातले नाक्यावरचे गाव. बीडहून वडवणीमार्गे परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावकडून धारूरला जाणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. शेजारी सुंदरनगरला सहकारी साखर कारखाना आहे. तरीही दसरा-दिवाळी उरकली की याच भागातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पातेली, गोधड्या, शेळी आणि लेकरे चढलेली असतात, आणि घराच्या राखणीला म्हातारी माणसे उरतात. चैत्राच्या सुमाराला टोळ्या परततात.

या पट्ट्यात ख्रिस्ती माणसे थोडी. २०११ च्या जनगणनेत सबंध महाराष्ट्रातच त्यांची संख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याच्या जरा खाली. बीड जिल्ह्यात त्यांचा वाटा त्याहूनही पुष्कळ कमी. कुठे दहा घरे, कुठे वीस. चर्चमध्ये जमणाऱ्या या समाजाला आमच्याकडे ‘मंडळी’ म्हणतात. आणि मराठवाड्यातल्या, नगरकडच्या अशा लहान मंडळ्यांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. रविवारी बायका येतात, मुले येतात, पुरुष येत नाहीत. आले तर मागे भिंतीला टेकून बसतात. सतरंजी घालणे, आजाऱ्याकडे जाऊन प्रार्थना करणे, शब्बाथ शाळेत मुलांना गोष्टी सांगणे, ही सगळी कामे बायकांच्या वाट्याला. दोष अर्थातच ऊसतोडीवर टाकला जातो. पण तो हिशेब नीट जुळत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. फडावर दोघेही जातात. परत आल्यावर बाई चर्चमध्ये दिसते आणि बुवा चौकात दिसतो, याचे कारण उसात सापडत नाही. ते शोधायला दीड-दोनशे वर्षे मागे जावे लागते.

त्याआधी थोडे फार जुने. ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलमधल्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेममधल्या पहिल्या मंडळीतले एक भांडण आले आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरबुर सुरू झाली. तेव्हा मंडळीने आपल्यातले सात पुरुष निवडले आणि त्यांच्यावर हे काम सोपवले. इथे मुळात जी ग्रीक शब्दयोजना आहे तिचा अर्थ पानावर वाढणे असाच होतो. पुढे त्याच शब्दकुळातून ‘डीकन’ हे चर्चमधले पद आले. त्या सातांतला एक स्तेफन. त्याला दगडमार करून मारण्यात आले. म्हणजे ख्रिस्ती धर्मातला पहिला हुतात्मा हा पंगत वाढायला नेमलेला माणूस होता.

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. इथे गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात. रात्री दोन वाजता वीणेच्या पहाऱ्याला उभा राहणारा, पहाटे काकड्याला टाळ घेऊन येणारा, मोठ्या कढईत भाजी हलवणारा, पंगतीत वाकून वाढणारा, हा गावातला पुरुषच असतो. त्याला कोणी पगार देत नाही. उलट आपल्याला पहारा मिळाला नाही म्हणून तो रुसून बसतो. मग त्याच गावातला, त्याच मातीतला, बहुधा त्याच वस्तीतला ख्रिस्ती पुरुष मंडळीच्या कामाला का कचरतो?

माझ्या मते याचे मोठे कारण असे की, आमच्याकडे सेवा ही सुरुवातीलाच नोकरी झाली.

अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झाले आणि १८३१ च्या अखेरीस ते नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पोचले. पुढे नगर हेच त्याचे मोठे ठाणे झाले. त्या काळी बाप्तिस्मा घेणे म्हणजे बहुतेकदा घरदार, भाऊबंद आणि पोटापाण्याचा धंदा एका दिवसात गमावणे. ब्राह्मणाला वाळीत टाकत, महार-मांगाचे बलुते बंद होई. अशा माणसाला मिशनने शाळेत, छापखान्यात, प्रचाराच्या कामात घेतले नसते तर त्याने खायचे काय? तेव्हा ही नोकरी देण्यात दयाच होती, हे आधी मान्य केले पाहिजे. पण तिचा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या राहिला. मिशनने खेडोपाडी शाळा उघडल्या. शाळेचा मास्तर आठवडाभर मुलांना अक्षरे शिकवी, रविवारी उपासना घेई, कोणी वारले तर माती देई, कोणाचे भांडण असले तर मिटवी आणि महिन्याला मिशनचा पगार घेई. बाकीच्या पुरुषांनी समजून घेतले की देवाचे काम मास्तरचे. त्यासाठीच तर त्याला पगार आहे. आपण गेलो तर उपकार, न गेलो तर बिघडत नाही. यात त्यांना आळशी म्हणण्यात अर्थ नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टर असताना गावकरी जखमा बांधायला जात नाहीत, तसेच हे.

मिशनच्या वरिष्ठांना हा धोका दिसत नव्हता असे नाही. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. देशी मंडळ्यांनी स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा आणि स्वतःच वाढावे, ही त्यांची ठाम भूमिका होती. इंग्लंडमध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन त्याच सुमारास हेच सांगत होते. याच सुमारास नगरमध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. मंडळीचा पाळक मराठी माणूस असणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. अँडरसनसाहेबांनी त्याच झपाट्यात मिशनच्या इंग्रजी शाळांवरही कात्री चालवली, ते मात्र शहाणपणाचे नव्हते असे मला वाटते. नोकरीव्यवसायाच्या ज्या वाटा मिशनच्या बाहेर नेत होत्या त्याच अरुंद झाल्या. एकीकडे स्वावलंबी व्हा म्हणायचे आणि दुसरीकडे स्वतंत्रपणे कमावण्याचे शिक्षण आखडायचे, हे कसे जमावे?

तेलगावच्या उत्तरेला, निजामाच्या राज्यातल्या जालन्याला, एक वेगळा प्रयोग झाला. तो करणारा माणूस मराठी वाचकाला दुसऱ्या एका प्रकरणामुळे ठाऊक असतो. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे गेला होता. कोर्टकचेरी होऊन तो आईबापांच्या ताब्यात परत आला आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावर मोठा गदारोळ उठला. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले, ते हे प्रकरण. श्रीपतविषयी आपण वाचतो, पण नारायणाचे पुढे काय झाले ते फारसे कोणी सांगत नाही. १८५४ मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चने त्यांना दीक्षा दिली. १८६० नंतरच्या काळात ते जालन्याला आले. सालारजंग दिवाण असताना निजाम सरकारकडून त्यांनी जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचे गावच वसवले. त्यांच्याकडे आलेले बहुतेक लोक मांग आणि महार. ज्यांची घरे आजवर गावकुसाबाहेर होती त्यांना इथे आपले गाव, आपली शाळा, आपले चर्च मिळाले.

शेषाद्री ज्या परंपरेतले, त्या प्रेसबिटेरियन पद्धतीत मंडळीचा कारभार एकट्या पाळकाच्या हाती नसतो. मंडळी आपल्यातून ‘वडील’ निवडते. वडील म्हणजे वयाने मोठा असे नव्हे. शेती करणारा, मजुरी करणारा कोणीही शहाणा माणूस. त्याला पगार नाही. पाळकाच्या शेजारी बसून तो मंडळीचे निर्णय घेतो. गावपंचायतीत ज्याला कधी कोणी बसा म्हटले नाही अशा माणसाच्या दृष्टीने या पदाची किंमत काय असेल, याचा विचार करावा. तरीही हे गाव एका माणसाच्या तेजावर फार अवलंबून होते. १८९१ मध्ये शेषाद्री वारले, आणि तसा दुसरा माणूस जालन्याला मिळाला नाही.

पुरुष आपणहून पुढे आले, असे एक क्षेत्र मात्र होते, आणि ते कोणत्याही परदेशी योजनेतून निघालेले नव्हते. नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाला आकार दिला. पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान, मध्ये पदे, मागे टाळकरी, मृदंग. कथा येशूची, पण बांधणी हरिदासाची. इंग्रजी चालींची भाषांतरित गीते म्हणताना जो पुरुष ओठ मिटून बसे, तो टाळ हातात आल्यावर उठून उभा राहिला. खेड्यातल्या मंडळ्यांची भजनी मंडळे ही याच झाडाची फांदी आहे. ढोलकी, पेटी, झांज; बाकी वर्षभर न दिसणारे पुरुष नाताळच्या आधीच्या रात्रींना घरोघर गात हिंडतात ते अजूनही. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात सांगळ्यांची पदे आहेत, आणि टिळकांची तर आहेतच.

हे टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून आपण त्यांना शाळेत भेटतो. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अनेक वर्षे नगरला अमेरिकन मिशनमध्ये काम केले. ‘ज्ञानोदय’चे संपादन केले, अभंग लिहिले, कीर्तने केली. पण मिशन पैसे देणार आणि देशी ख्रिस्ती माणूस हुकूम पाळणार, ही घडी त्यांना उत्तरोत्तर बोचू लागली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ख्रिस्ताचा शिष्य होण्यासाठी मिशनच्या पटावर नाव हवे असे नाही, असा त्याचा अर्थ. संसारी माणसाने पगार सोडला म्हणजे घरात काय होते, ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चा वाचक समजू शकतो. दरबार वाढायला वेळच मिळाला नाही. ९ मे १९१९ ला टिळक गेले. हा प्रयोग फसला, असे पुष्कळ जण म्हणतात. दोन वर्षांत कोणता प्रयोग सिद्ध होतो? पण सेवा आणि पगार यांची गाठ सोडल्याशिवाय मराठी मंडळी आपल्या पायावर उभी राहणार नाही, हे इतक्या मोठ्या माणसाने स्वतःच्या चुलीवर अजमावून पाहिले, ही गोष्ट उरतेच.

पुरुष चर्चमध्ये दिसत नाहीत ही तक्रार एकट्या मराठवाड्याची नाही. अमेरिकेतल्या बोस्टनचा पाळक कॉटन मेदर १६९२ मध्येच लिहून गेला की आमच्या मंडळ्यांत बायका जास्त, पुरुष कमी. त्याच देशात १९११-१२ मध्ये पुरुषांना चर्चकडे वळवण्यासाठी देशभर मोठी मोहीम निघाली; शहरोशहरी सभा झाल्या, वर्तमानपत्रांत जाहिराती झळकल्या. मोहीम संपली आणि तक्रार जिथल्या तिथे राहिली. याउलट आपल्या शेजारच्या गोव्यात जुन्या गावांच्या चर्चमध्ये पुरुष बांधवांची मंडळे शतकानुशतके चालत आली. खास झगे घालून मिरवणुकीत चालणे, सणाचा खर्च उचलणे, चर्चची निगा राखणे ही कामे त्यांची. तिथे पुरुष कमी पडले नाहीत, कारण त्या झग्याला गावात मान होता. मात्र तो मान पुष्कळ ठिकाणी जातीच्या आणि गावकीच्या हक्काला बांधलेला होता, आणि त्यावरून भांडणेही झाली. तेव्हा मानामुळे माणूस येतो हे खरे, पण मान कोणाचा आणि कोणाला वगळून, हेही विचारायला हवे.

हे विचारणे आपल्याकडे जास्तच गरजेचे आहे, कारण मराठी मंडळीचा भार बायकांनी वाहिला आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या, टाकलेल्या, विधवा मुलींच्या बळावर केवढे काम उभे केले! मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी केले, तेही तिथल्या स्त्रियांनीच छापले. गावोगाव घराघरांत जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या ‘बायबलबाया’ तर आज कोणाच्या स्मरणातही नाहीत. तेव्हा पुरुषांनो, मंडळीत या, असे म्हणताना बायकांनी उठून जागा द्यावी असा अर्थ कोणी काढू नये. आमच्याकडे कमिटीच्या खुर्च्यांना पुरुष कधी कमी पडलेले नाहीत. निवडणूक आली, जागेचा वाद आला, की ते बरोबर हजर होतात. कमी पडतात ते सतरंजी झटकायला.

आणि आता एक कारण, जे सभेत सहसा बोलले जात नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदू धर्मीयांना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला मिळाला नाही. हा प्रश्न तपासण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात, जी व्यक्ती प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळते तिला अनुसूचित जातीचा दाखला मागता येणार नाही, असा निकाल दिला. याचा खेड्यातल्या मंडळीवर काय परिणाम होतो? कुटुंबातले दाखले बापाच्या नावाने चालतात. मुलाची शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी, सगळे त्या कागदावर. बाप मंडळीचा वडील झाला, विश्वस्तांच्या यादीत नाव लागले, नाताळच्या पत्रिकेवर छापले गेले, तर उद्या पडताळणी समितीपुढे कोणी ते पुढे करील, ही भीती त्याच्या मनात असते. बाई येऊन गाऊन जाते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. त्याला पाहतात. अशा माणसाला प्रवचनातून बोल लावणे सोपे आहे. ज्या कायद्याने त्याची जात बाप्तिस्म्याबरोबर पुसली असे मानले, त्या कायद्याने त्याची वस्ती मात्र तिथेच ठेवली, एवढे तरी बोलणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी कमी होत गेले. १९७० मध्ये नागपूरला उत्तर भारतातल्या अनेक चर्चपंथांचे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. मास्तरचा पगार थांबला, पण मास्तरची सवय राहिली. एका पाळकाकडे अनेक गावे. तो महिन्यातून एखाद्या रविवारी येणार. मधल्या रविवारी कुलूप, किंवा चार बाया आणि एक गीतपुस्तक. चर्चची भिंत पडली तर साहेबांना कळवू, असे म्हणणारी पिढी अजून आहे. कोणत्या साहेबांना, ते विचारू नये.

याच गावांतला पुरुष एरवी काय काय करतो ते पाहिले म्हणजे उपाय फार लांब शोधावा लागत नाही. टोळीचा मुकादम वीस-पंचवीस कोयत्यांची उचल, हजेरी, टनांचा हिशेब डोक्यात ठेवतो, त्याला मंडळीच्या दानपेटीची वही जड जाणार नाही. लग्नात शंभर माणसांची पंगत उठवणारा यरुशलेमच्या त्या सात जणांच्या कामाला जन्मतःच लायक आहे. ढोलकी वाजवणाऱ्याला प्रवचन जमणार नाही, पण भजन त्याच्यावाचून होणार नाही. काम नेमून द्यावे, नाव घेऊन द्यावे, आणि मंडळीसमोर द्यावे. ‘सर्वांनी सहकार्य करावे’ या सूचनेने आजवर एक सतरंजी उचलली गेलेली नाही.

ऊसतोडीचेही तसेच. हंगाम चालू असताना पंचवीस डिसेंबर येतो. गावातल्या चर्चवर तारा लागतो तेव्हा मंडळीतली निम्मी घरे कुठे सांगली-कोल्हापूरकडे, कुठे बेळगावकडे उसाच्या पाचटाच्या कोप्यांत असतात. गाडी भरायची असली तर नाताळलाही सुट्टी नसते. तिथे पाळक पोचत नाही. टोळी निघण्याआधीच्या रविवारी मंडळीने तिच्यातल्या एकाला पुढे बोलवावे, त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी, हातात एक बायबल आणि एक गीतपुस्तक द्यावे आणि सांगावे की चैत्रापर्यंत त्या तळावरची उपासना तुझी. कोणाचे लेकरू आजारी पडले, कोणाचा पाय कोयत्याने कापला, तर प्रार्थनेला तू, दवाखान्यातही तू. मग संध्याकाळी कोपीसमोर चूल पेटली की त्याला पातेले उलटे करून ठेका धरता येईल, आणि शेजारच्या कोपीतली माणसे, कोणत्याही धर्माची, ऐकायला येऊन बसतील.